पहिल्या हाकेची ओ

संगमनेरात अकोले रस्त्याच्या कॉलनीत रंगनाथरावांचं घर शोधायला त्यांचं नाव उपयोगी पडत नाही. ‘कॉम्प्युटरराव’ म्हटलं की किराणा दुकानदार काट्यावरची नजरही न हलवता हात दाखवतो. हे नाव साखर कारखान्यानं दिलेलं. एकोणनव्वद साली कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी वेगळी थंडगार खोली बांधली गेली, आणि चपला बाहेर काढून त्या खोलीत शिरायचा मान ज्या एका कारकुनाला मिळाला ते हे. पुढची तीस वर्षं त्यांनी त्याच खोलीत काढली आणि निवृत्त होताना तिथलं एक वाक्य घरी आणलं. “यंत्रात भूत नसतं. सैल वायर असते.” घरातला मिक्सर बंद पडला तरी ते हेच म्हणायचे.

घरातला पहिला कॉम्प्युटर नव्व्याण्णवचा. नाशिकला सुटे भाग जोडून घेतले आणि मॉनिटर गोधडीत गुंडाळून एसटीत मांडीवर बसवून आणला. त्यांच्या पत्नीनं, झुंबरबाईंनी, त्याला हळदकुंकू लावलं ते नेमकं चालू करायच्या बटणावर. ते बटण वर्षभर चिकटत राहिलं. तेव्हापासून घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला, मग तो डिजिटल कॅमेरा असो, टॅब असो की पावलं आणि नाडी मोजणारं घड्याळ, बाईंचं कुंकू ठरलेलं. एकदा कुंकू लावलं की बाई त्या वस्तूला पुन्हा बोट लावत नसत. “तुमी खेळा,” म्हणायच्या. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य रंगनाथरावांनी उदंड ऐकलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

बाईंचं माहेर भंडारदऱ्याच्या पल्याड, डोंगराच्या पोटातल्या एका वाडीत. तिकडची एक सवय त्यांनी गोंदणासारखी सोबत आणली होती. कुणी हाक मारली की पहिल्या हाकेला त्या ओ देत नसत. दुसरीलाही नाही. तिसऱ्या हाकेला मात्र, जणू आत्ताच ऐकू आलं अशी, स्वच्छ लांब “ओऽ” यायची. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. दुसरं काही असेल तर त्याला एकदाच मारता येते, अशी तिकडची समजूत. “तुझ्या गावचं भूत भलतंच आळशी दिसतंय,” असं रंगनाथराव चिडवत, आणि मग स्वतःच घसा ताणून तीनदा हाका मारत.

गेल्या दिवाळीनंतर हे चिडवणं संपलं. एका सकाळी बँकेत निघताना त्यांनी दोन हाका मारल्या, ओ आली नाही, तिसरीचा कंटाळा केला आणि ते निघून गेले. झुंबरबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. तासाभरानं ते परतले तेव्हा ओल्या फरशीवर गारठलेल्या बाई एवढंच म्हणाल्या, “तिसरी मारायची हुती की.” मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, काठी आली, बाईंचा दिवस बिछान्यावर जायला लागला. रंगनाथरावांना ते वाक्य विसरता येईना. बाई पुन्हा पडल्या आणि आपल्याला कळलंच नाही तर, या एका भीतीनं त्यांना घेरलं.

भीती वाटली की माणसं देवाला जातात. रंगनाथराव ऑनलाइन गेले. बाजारातली बोलकी यंत्रं मागवली आणि परत पाठवली, कारण त्यांना इंग्रजी नावानं हाक मारावी लागते. शेवटी त्यांनी स्वतःच मांडामांड केली. खेळायच्या पत्त्याएवढे तीन कॉम्प्युटर, तीन माइक, तीन स्पीकर, आणि हे सगळं बसवायला श्रीखंडाचे तीन रिकामे डबे. एक डबा पोर्चमध्ये, एक हॉलमध्ये, एक बाईंच्या उशाशी. कुठल्याही डब्याजवळ ‘झुंबर’ म्हटलं की तो जागा व्हायचा आणि बाईंच्या उशाशी लाइन जोडून द्यायचा. मग पोर्चमधून बोललेलं बाईंना ऐकू येई आणि बाईंचं पोर्चमध्ये. जागं करायला हाच शब्द का, तर दिवसभर टीव्ही चालला तरी त्यात तो येत नाही. डब्यांना तो शिकवायला त्यांनी घरभर हिंडत दोनशे वेळा हाक मारली. शेजारचे खाजाभाई कुंपणावरून म्हणाले, “वहिनी रुसल्या काय?”

लाइन जोडल्याची खूण म्हणून डबा ‘टिंग’ करायचा. ते काही रंगनाथरावांना पटेना. आपल्या घरात हाकेला टिंग कसली? त्यांनी माइक बाईंपुढं धरला आणि एक ओ मागितली. बाईंनी मान हलवली.

“माझी ओ माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या.”

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नवी वस्तू हातात आली की रंगनाथरावांचं वय दहा होतं. एका दुपारी त्यांनी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून तो बाईंच्या उशीमागं सरकवला, बाहेर जाऊन तीनदा हाक मारली, आलेली ओ कापून घेतली आणि तिन्ही डब्यांत भरली. बाईंना गंमत वाटेल असा त्यांचा होरा होता. हॉलमधून त्यांनी हाक मारली आणि डब्यातून बाईंचा आवाज आला, “ओऽ.” आतल्या खोलीत बाई उठून बसल्या होत्या.

“ही पैल्या हाकेला दिली त्यानं,” त्या म्हणाल्या.

“अगं, डबा तो. त्याला काय कळतंय?”

“त्याला न्हाई कळत. ऐकनाऱ्याला कळतंय.”

डब्यांना त्यांनी कुंकू लावलं नाही.

महिनाभर सगळं झकास चाललं. रंगनाथराव झाडांना पाणी घालता घालता पोर्चमधून विचारत, चहा ठेवू का, आणि आतून उत्तर येई. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं, कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. बाहेर पोर्चमधला डबा म्हणाला, “ओऽ.”

ते उठून बाहेर आले. फाटकाची कडी आतून लावलेली. कुरिअरवाला नाही, भाजीवाला नाही. समोरच्या बंगल्याला महिन्याचं कुलूप.

डबे प्रत्येक हाकेची नोंद ठेवत. किती वाजता, कुठल्या डब्याला, शंभरात किती खात्रीनं ऐकू आली, आणि हाकेच्या आधीचे पाच सेकंद आवाजासकट. रंगनाथरावांच्या स्वतःच्या हाकेला डब्यांनी चौऱ्याऐंशीच्या वर कधी गुण दिले नव्हते. या हाकेची नोंद होती बारा वाजून सात मिनिटं, पोर्च, अठ्ठ्याण्णव. त्यांनी कानाला हेडफोन लावून पाच सेकंद ऐकले. पारवे घुमत होते. मग घुमायचे थांबले. मग काहीच नाही, आणि बाईंची ओ.

सैल वायर, ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बारा सातला पुन्हा ओ आली. तिसऱ्या दिवशीही.

खाजाभाईंनी हयातभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेले. दुकान आता मुलाकडं, पण हाताची खाज तशीच. ते स्वतःचा माइक घेऊन आले, वायरी बदलल्या, डबा उघडून फुंकला, आणि दोघं पोर्चमध्ये चहा घेऊन बसले. बारा वाजले. खाजाभाई कारखान्याच्या भोंग्यावरून काही सांगत होते. सांगता सांगता ते मध्येच थांबले, आणि रंगनाथरावांच्या लक्षात आलं की पारवेही थांबलेत. डबा म्हणाला, “ओऽ.”

खाजाभाईंनी नोंद पाहिली. पुन्हा अठ्ठ्याण्णव.

“राव, शिकवलं तुमी. तुमाला देतो चौऱ्याऐंशी. मग ह्याला तुमच्यापरीस जास्त कोन पटलंय?”

“माइकची खरखर असेल.”

“खरखर असती तर मला ऐकू आली असती. मी खरखरीवरच घर बांधलंय.” त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. “वहिनींचं नाव काढा यातून.”

रंगनाथरावांनी नाव काढलं नाही, पोर्चच्या डब्याची वायर काढली आणि गुंडाळून कपाटात ठेवली. बिघाड एका जागी कोंडायचा असतो, हे तीस वर्षांचं शिक्षण. दुसऱ्या दिवशी बारा सातला हॉलमधला डबा म्हणाला, “ओऽ.” त्याच्यापासून ते चार हातांवर बसले होते. त्या चार हातांत कुणी हाक मारली असती तर ती त्यांच्या कानाजवळून गेली असती.

त्याच आठवड्यात बाई बदलायला लागल्या. स्वयंपाकघरातून रंगनाथरावांनी तीनदा हाक मारली, चौथी मारली, आणि धावत आत गेले तर बाई नीट बसलेल्या.

“ओ का देत नाहीस?”

“दिली की मगाशी. किती येळा देऊ?”

“कुणाला दिलीस?”

बाईंनी त्यांच्या खांद्यावरून हॉलकडं पाहिलं. दुपारी त्या उशाच्या डब्याकडं कूस करून पडलेल्या असत. रंगनाथरावांना वाटायचं झोपल्यात. एकदा जवळ गेले तर डोळे उघडे होते.

“काय ऐकतेस?”

“हळू बोला,” बाई म्हणाल्या.

लाइन जोडलेली असताना डबे दोन्हीकडचं बोलणं साठवतात, हे त्यांना तेव्हा आठवलं. त्यांनी त्या दुपारचं रेकॉर्डिंग काढलं. सोळा मिनिटांचं होतं. हॉलच्या बाजूनं पंख्याचा आवाज आणि त्यांच्याच पेपरची पानं. खोलीच्या बाजूनं झुंबरबाई, अगदी हलक्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत.

“व्हय.” मग बराच वेळ पंखा. “दोघंच असतो.” पंखा. “न्हाई, अजून दुकतंय. काठी लागती.” पंखा. पेपरचं पान उलटल्याचा आवाज. “त्ये? त्ये हितंच असत्यात, बाहीर बसल्यात.” पंखा. पंखा. “न्हाई बाई, मी नाव घेत न्हाई त्यांचं.”

रंगनाथरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यांना भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घरातल्या वस्तूची भीती वाटली आणि तिला सैल वायर म्हणायला जीभ वळेना.

संध्याकाळी ते बाईंजवळ जाऊन बसले. ओ कशी चोरली ते सांगितलं. बाई रागावतील असं वाटलं होतं. बाई भिंतीकडं तोंड करून आपण होऊन बोलायला लागल्या.

“आमची थोरली बहीन गवताला गेलती. मी संगं हुते. भर दुपारी तिनं ओ दिली. मला हाक काई ऐकू आली न्हाई, तिची ओ तेवडी आली.”

“मग? नाहीशी झाली का ती?”

“न्हाईशी कशाला हुतीया? घरी आली. जेवली. फुडं लगीन झालं, पोरं झाली, समदं झालं.”

“मग बिघडलं काय?”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“आई तिच्या हातचं पानी पेत नव्हती. मरस्तवर प्याली न्हाई.”

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली. बाईंनी त्यांचा हात धरला. असा हात त्या कधी धरत नसत.

“माझी ओ काढा त्यातनं. आन् डबे प्रवरेत सोडा.”

रंगनाथरावांनी बाईंच्या देखत लॅपटॉप उघडला आणि तिन्ही डब्यांतून ओ पुसून टाकली. वायर काढलेला पोर्चचा डबासुद्धा आणून, जोडून, पुसून पुन्हा जागेवर ठेवला आणि त्याची वायर परत कपाटात टाकली. ओच्या जागी जुनी टिंग घातली. उरलेले दोन डबे मात्र त्यांनी चालूच ठेवले. त्यांच्या डोळ्यांपुढून ती ओली फरशी हलत नव्हती. आवाज नसला की झालं, उरली ती नुसती टिंग, असं त्यांनी बाईंना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकरालाच ते खुर्ची घेऊन बाईंच्या पलंगाशी बसले. दार उघडं ठेवलं, म्हणजे हॉल दिसावा. बाईंचा हात हातात घेतला. हात कोमट होता, नेहमीसारखा, अंगठ्याला भाकरीचा जुना चटका होता. बाहेर पारवे घुमत होते. मनगटावरच्या घड्याळात बारा पाच झाले, बारा सहा झाले.

पारवे थांबले.

पोर्चमध्ये टिंग वाजली.

त्या डब्याची वायर समोरच्या कपाटात होती. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि ती त्यांना बसल्या जागेवरून दिसत होती.

हॉलमध्ये टिंग वाजली.

हॉल रिकामा होता. खुर्ची, टीपॉय, सकाळचा पेपर. उन्हाचा पट्टा उंबऱ्यापर्यंत. त्यात काहीही नव्हतं, सावलीसुद्धा नाही.

बाईंनी मान वळवली. त्यांचे ओठ हलायला लागले.

“झुंबर, बोलू नकोस,” रंगनाथराव म्हणाले.

उशाशी टिंग वाजली.

ती आपल्याच हाकेची, की आणखी कुणाच्या, हे त्यांना पुढं कधी ठरवता आलं नाही. दार आपण उघडून दिलं एवढंच तेव्हा कळलं.

हाक कुणाचीच ऐकू आली नाही.

झुंबरबाईंनी दाराकडं पाहिलं.

“ओऽ,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर काहीच झालं नाही. पारवे पुन्हा घुमायला लागले. बाईंनी हात सोडवून घेतला, कुशीवर वळल्या आणि झोपल्या. रंगनाथरावांनी तिन्ही डबे उचलले, मोरीत बादलीभर पाण्यात बुडवले आणि वर पाटा ठेवला. परत येऊन स्वतःचं घड्याळ काढून बाईंच्या मनगटाला बांधलं. नाडी बहात्तर. ऑक्सिजन सत्त्याण्णव. दर पाच मिनिटांनी ते आकडे पाहत तीन तास बसून राहिले. बाईंचा श्वास संथ होता, कपाळावर घामाचे दोन थेंब होते, तोंड जरासं उघडं होतं. साडेतीनच्या सुमाराला त्यांना एकदम रडू आलं. वाचली, ते स्वतःशी म्हणाले, वाचली बाई. उद्याच दिवसभराची बाई ठेवायची, यंत्रबिंत्र काही नको, आणि बाथरूमला दांडा बसवायचा. खाजाभाईंना बोलावून आजच बसवायचा.

चारला ते चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघरात मावळतीकडचं ऊन यायला लागलं होतं. दूध घातलं, आलं किसलं. आत पलंग करकरला. पावलं वाजली, सावकाश, एकामागून एक, दारापर्यंत. काठी वाजली नाही. उठवतंय तिला, बरं वाटतंय, असं त्यांच्या मनात आलं आणि किती हलकं वाटलं.

मग तिची हाक आली. आवाज तिचाच होता, झोपेतून उठल्यावर असतो तसा, थोडा जड.

“रंगनाथ.”

कारखान्यात साहेबसुद्धा पुढं ‘राव’ लावत. असं नुसतं नाव घेणारी आई जाऊन वीस वर्षं झाली होती. आणि झुंबरबाई अहो म्हणत, ऐकलं का म्हणत, नाहीतर नुसत्या बांगड्या वाजवत. लग्नातला उखाणा सोडला तर त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या ओठांवर हे नाव आलं नव्हतं.

पण हे सगळं रंगनाथरावांच्या मनात आलं ते नंतर. त्याआधी, चहात साखर टाकता टाकता, ते सवयीनं “ओ” म्हणून गेले होते.